बाटली पांढरी, पुडी पिवळी

मामा, तुम्ही गेलात, आणि काल तुमच्या जलदानविधीला मिलिंदनं माईक हातात घेतला आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, "बाबांच्या हातून अख्ख्या नोकरीत एकच चूक झाली. कौसाबाईंच्या बैलाच्या औषधात हळद घालायला ते विसरले. ती चूक त्यांनी कधी लपवली नाही. मी विजेच्या खांबावर चढायच्या आधी लाईन बंद आहे का ते दोनदा बघतो, ते बाबांच्या त्या एका चुकीमुळं." पोरगा चांगलं बोलला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. पुढच्या नावाची चिठ्ठी निवेदकाच्या हातात होती आणि तिच्यावर माझं नाव होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि खरं सांगते, उठून मागच्या मागं निघून जावं असं वाटलं.

गेले का थांबले ते सांगतेच. पण आधी मला तुमच्याशी जरा भांडायचंय. सवयच आहे ती. चौदा वर्षं आपण दुसरं काय केलं?

पहिलं भांडण मी दवाखान्यात हजर झाल्याच्या तिसऱ्या दिवशीचं. मी परभणीहून शिकून आलेली, नवीकोरी डॉक्टरीण; तुम्ही गुरांच्या दवाखान्यात परिचर, माझ्या वयाएवढी तुमची नोकरी. धारूरकडच्या डोंगरावरून एकानं बैल आणला होता. तोंडातून लाळेच्या तारा, जीभ अर्धी बाहेर, आठ दिवसांपासून वैरणीला तोंड नाही. मी लांबूनच बघून मनात लाळ्या-खुरकूत ठरवून मोकळी झाले होते. तुम्ही बाही वर केली, बैलाचा जबडा बाजूनं धरला आणि उघडा हात सरळ तोंडात घातला.

"बाई, हिकडं या. जीभ चाचपा."

"मामा, हात काढा आधी! लाळ गाळणारं जनावर आहे. पिसाळलेलं असलं तर?"

तुम्ही हात काढलात. माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं आता हा म्हातारा मला चार गोष्टी सुनावणार. तुम्ही नुसतं म्हणालात, "खरं हाय. ह्यो इचार आमी कदी केलाच न्हाई." साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेत, आणि त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत हातमोज्याशिवाय एकाही जनावराच्या तोंडात हात घातला नाहीत. मी मोजे घालून जीभ चाचपली. कडक, ताठ, जागच्या जागी रुतलेली. लाकूडजीभ! पुस्तकात दोन पानं वाचली होती, परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. हाताला पहिल्यांदा लागली ती तुमच्यामुळं. "डोंगरातली कुसळी टोचतेत जिभंला," तुम्ही म्हणालात, "मंग आतून गाठ धरती."

म्हणजे बघा, पहिल्या भांडणात माझं बरोबर होतं, आणि ते तुम्ही जागच्या जागी मानलंत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात ते सलतं.

त्या आजाराचं औषध आपल्या लोखंडी कपाटातल्या सगळ्यात खालच्या खणात असायचं. पोटॅशियम आयोडाइड. मी नाव घेतलं की तुम्ही मान हलवायचात आणि स्वतः मात्र 'जिभंचं औषध' म्हणायचात. पांढरे स्वच्छ खडे, बारीक मिठासारखे. तपकिरी बाटली, तिच्यावर काळा कागद गुंडाळलेला. धारूरच्या एक्स-रेवाल्याकडून तुम्ही तो कागद मागून आणायचात. "ह्याला उजीड सोसत न्हाई आन् वल बी सोसत न्हाई," असं तुम्ही मला समजावून सांगितलंत. मला ते येत होतं हो! उजेड आणि दमट हवा लागली की त्यातून आयोडीन सुटतं, खडे पिवळे पडतात, मला समीकरणासकट येत होतं. पण श्रावणात बाटलीचं झाकण किती घट्ट लावायचं आणि झाकणाच्या कडेला मेण लावून ठेवायचं, हे कुठल्या पुस्तकात होतं? मोरचूदाची बाटली तुम्ही समोरच्या भिंतीला, एकदम लांब ठेवली होती. मी आले आणि हुशारी करून सगळ्या बाटल्या नावाच्या क्रमानं लावल्या. पहिल्याच पावसाळ्यात पत्रा गळला, खालच्या खणात मोरचूदाचं पाणी आणि सांडलेलं आयोडाइड एकत्र झालं आणि फळीवर तपकिरी राडा झाला. वासानं डोळे चुरचुरायला लागले. तुम्ही खिडक्या उघडल्यात, तोंडाला फडकं बांधून फळी पुसलीत, आणि मोरचूद परत आपल्या जागी नेऊन ठेवलंत. तो डाग अजून आहे. नवीन कपाट मंजूर झालं तेव्हा मी जुनं देऊ दिलं नाही.

आणि तुमची ती भाकरी! मला आजही हसू येतं आणि रागही येतो. औषध खराब झालंय का हे बघायला तुम्ही डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडायचात, त्याच्यावर पाण्याचा थेंब आणि चिमूटभर औषध टाकायचात. तुकडा निळाकाळा पडला की, "गेलं हे बाई. आयोडीन सुटलं." पिष्टाला आयोडीन लागलं की निळं होतं, बरोबरच आहे, आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी वेगळं द्रावण असायचं. पण जेवणाचा डबा औषधाच्या टेबलावर? मी किती ओरडायची! मग तुम्ही भाकरीचा तुकडा घरूनच वेगळ्या कागदात बांधून आणायला लागलात आणि वरती लिहून घेतलंत माझ्याकडून: 'खायची नाही'. इथंही तुम्ही माझं ऐकलंत.

आता येते हळदीवर.

बैलाला ते औषध रोज एक पुडी, पाण्यात विरघळवून पाजायचं, आठवडाभर. रोज बैल आणणं होत नाही, म्हणून आपण पुड्या घरी द्यायचो. मी पहिल्यांदा तुम्हाला पुड्या बांधताना बघितलं तेव्हा तुम्ही प्रत्येक पुडीत लाकडी चमच्याच्या टोकानं हळद मिसळत होता.

"मामा, हे काय चाललंय?"

"हळद हाय बाई."

"ते दिसतंय मला. औषधात हळद कशासाठी?"

"मीठ दिसतंय ना हे. घरात गेल्यावर मिठासारखं दिसलं की मीठच व्हतंय. बाया कामाच्या गडबडीत असतेत."

"मग कुणी हळद समजून घातलं तर?"

तुम्ही पुडी उघडून माझ्यापुढं धरलीत. "बगा की. पिवळं हाय पर खडे दिसतेत. ना मीठ, ना हळद. हातात घेतलेली बाई घटकाभर थांबती, इचारती ह्ये काय म्हनून. तेवढंच पायजे आपल्याला."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेलच. मला तर अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हणाले की ही भेसळ आहे. मी म्हणाले की औषध खराब झालं की पिवळं पडतं, आणि तुम्ही ते आधीच पिवळं करून ठेवलंत तर खराब झालेलं कळणार कसं? मला माझा मुद्दा फार बिनतोड वाटला होता. तुम्ही म्हणालात, "बाटली पांढरीच ऱ्हाती बाई. बाटलीतच बगायचं खराब हाय का ते. पुडी तेवढी पिवळी." साधं होतं हो. शेंबड्या पोराला पटलं असतं. पण मला तेव्हा बरोबर असण्यापेक्षा डॉक्टरीण असणं जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मी म्हणाले, "मामा, इथं अधिकारी मी आहे का तुम्ही?"

तुम्ही हळदीची डबी उचललीत आणि खिशात घातलीत.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. कौसाबाईच्या हरण्या बैलाची जीभ धरली. मी तपासलं, मी वजन केलं, पांढऱ्या कागदाच्या सात पुड्या मी बांधल्या, प्रत्येकीवर निळ्या पेननं 'बैलाचे औषध' असं सुरेख अक्षरात लिहिलं. खिडकीतून त्या दिल्या तुम्ही. देताना मला ऐकू येईल असं म्हणालात, "कौसाबाई, ह्ये औषध हाय ह, मीठ न्हाई. पोरांच्या आन् चुलीच्या लांब ठिवा." कौसाबाई म्हणाली, "का हो मामा, आवंदा पांडरं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी रजिस्टरात खाली मान घालून लिहीत होते.

कौसाबाईनं पुड्या चुलीवरच्या फळीवर ठेवल्या, तिथं कोरडं असतं म्हणून. दोन दिवसांनी तिची सून रेखा कापूस वेचून घरी आली, स्वयंपाकाला लागली, मिठाचा डबा रिकामा. फळीवर कागदात पांढरं मीठ. तिला वाचता येत होतं मामा, पण चुलीच्या धुरात आणि घाईत कोण पुडीवरचं अक्षर वाचत बसतं? वरण कडू लागलं म्हणून कौसाबाईनं दोन घासांत ताट सारलं. तिचा मुलगा बळीराम भुकेला होता, त्यानं कडूच ओरपलं. आणि रेखानं सगळ्यांत शेवटी उरलेलं खाल्लं. रेखाला पाचवा महिना होता.

ओकाऱ्या, तोंडात आग, डोळ्यांना आणि नाकाला धार. कुणाच्या तरी जीपनं त्यांना धारूरला दवाखान्यात नेलं. तुम्ही उरलेली पुडी आणि काळ्या कागदातली बाटली घेऊन जीपमध्ये बसलात. डॉक्टरला काय खाल्लं ते नीट कळावं म्हणून. एवढं मला सुचलं नव्हतं. मी मागून मोटारसायकलवर गेले आणि रस्ताभर एकच मनात, त्या पोटातल्या लेकराला काही झालं तर?

काही झालं नाही. तिघंही दोन दिवसांत घरी आले. रेखाला मुलगी झाली, खणखणीत. काल तुमच्या कार्यक्रमात हीच पोरगी पाण्याचे ग्लास वाटत होती; आठवीत आहे, गणितात पहिली येते. तिच्या हातून ग्लास घेतला आणि तिच्याकडं न बघताच पाणी पिऊन टाकलं.

पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं, असं मी काल दुपारपर्यंत समजत होते. गावातली पाच-पंचवीस माणसं जमली होती. बळीरामचा चुलता तुमच्या अंगावर आला. "तुळशीराम, तुझी पुडी कायम पिवळी असती. सगळ्या गावाला ठाव हाय. ह्या बारीला कावून पांडरी दिली बे?"

मी तुमच्याशेजारी उभी होते. दोन हातांच्या अंतरावर. माझ्या तोंडात शब्द आला होता, खोटं सांगत नाही. पण मी तो बाहेर काढला नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही, एक श्वासभर. आणि म्हणालात, "इसरलो."

एवढंच. इसरलो.

तो तुमच्या अंगावर धावून आला, लोकांनी धरलं, कुणी तुम्हाला म्हातारा झालास म्हणालं, कुणी आणखी काय काय. तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी वरून विचारणा आली, तुम्ही माझ्याचकडून खुलासा लिहून घेतलात; तुम्हाला मराठी वाचता यायचं पण लिहायला हात वळायचा नाही. 'हळद मिसळण्याचे माझ्याकडून अनवधानाने राहून गेले.' हे वाक्य माझं आहे मामा. अनवधानाने हा शब्दही माझा. खाली तुमची सही, आणि त्याच्याही खाली 'सविनय सादर' म्हणून माझी. तुमच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद झाली. मी पेनचं टोपण लावलं, तुम्ही चहा मागवलात.

दुसऱ्या दिवसापासून पुड्या परत पिवळ्या झाल्या. बाटली पांढरी, पुडी पिवळी, हा आपल्या दवाखान्याचा नियम झाला, आणि मी तो पुढं तालुक्याच्या बैठकीत दुसऱ्या डॉक्टरांना असा सांगितला की जणू माझ्याच डोक्यातून निघालाय. लाज वाटते सांगायला, पण सांगते. तुमच्यापुढं आता काय झाकायचं?

गावानं तुम्हाला सोडलं नाही. चेष्टेतच, पण सोडलं नाही. लग्नाच्या पंगतीत तुम्ही बसलात की कुणीतरी ओरडायचं, "मामा, मीठ वाढू नगा ह!" आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी हसायचात. मला ते हसणं ऐकवायचं नाही. मी ताट घेऊन दुसऱ्या ओळीत जायची.

तुम्ही मला काय काय दिलंत, मामा! सोडियम आयोडाइडचं इंजेक्शन शिरेतच गेलं पाहिजे, बाहेर थेंब गेला तर मान सुजून ढब्बू होते. माझा हात स्थिर होईपर्यंत तुम्ही प्रत्येक बैलाची शीर अंगठ्यानं दाबून उभी करून द्यायचात. गाभण गाईला हे द्यायचं नाही, आणि दुभत्या गाईला द्यायचं तर दूध तेवढे दिवस घरात घ्यायचं नाही, हे मी मालकाला एकदा सांगायची आणि तुम्ही त्याच्याकडून तीनदा वदवून घ्यायचात. औषध पुरे झालं हे कसं ओळखायचं, तर जनावराच्या डोळ्यांना पाणी येतं, नाक वाहतं, मानेवर कोंडा धरतो. तुम्ही बैलाच्या मानेवरून उलटा हात फिरवायचात, तळव्यावरचा कोंडा मला दाखवायचात. "पुरं झालं बाई. आता थांबा. औषध बी बेतानंच." आणि नांदूरघाटचा तो शेतकरी तुम्हाला आठवतो का, ज्यानं बैल पुन्हा वैरण खायला लागला म्हणून तुमच्या गळ्यात पडून रडून घेतलं? तुम्ही त्याला माझ्याकडं ढकललंत, "बाईनं बरा केला, माझ्या कावून गळ्यात पडतो?" श्रेय द्यायचं असलं की बाईंनी केलं. बोल घ्यायचा असला की मी इसरलो. हा कुठला हिशोब, मामा? मला खरंच राग येतो तुमचा.

तुमच्या निरोपसमारंभात मी अर्धा तास बोलले. वक्तशीरपणा, स्वच्छता, जनावरांवरची माया. हळदीचा विषय काढला नाही. सगळे गेल्यावर तुम्ही शाल-नारळ पिशवीत घालून दारात थांबलात. मी कुलूप शोधतेय असं दाखवत होते. कुलूप माझ्या हातातच होतं. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात, मग म्हणालात, "येतो मंग बाई." त्यानंतरही तुम्ही सहा वर्षं जवळजवळ रोज आलात, बाकावर बसलात, नव्या परिचराला झाकण कसं लावायचं ते दाखवलंत. मला रोज वेळ होता. रोज म्हणजे रोज. मी उद्यावर ढकलत राहिले, आणि एका मंगळवारी तुम्ही आला नाहीत.

तर काल. निवेदकानं माझं नाव घेतलं. मी उठले. तुमच्या फोटोसमोर मेणबत्त्या होत्या, पांढऱ्या फुलांचा हार होता. फोटोत तुम्ही नेमके दवाखान्याच्या खाकी शर्टात. मिलिंदनं मला माईक दिला. मी ठरवून आणलेलं भाषण पर्समध्येच राहिलं.

मी म्हणाले, "मिलिंद, तुझे बाबा विसरले नव्हते. हळद घालायची नाही असा हुकूम मी काढला होता. त्यांनी मला कारणासकट समजावलं होतं, मी ऐकलं नाही. पुड्या मी बांधल्या होत्या. त्या संध्याकाळी पायरीवर मी शेजारी उभी होते आणि गप्प बसले. कागदावरचा खुलासासुद्धा मीच लिहिला. तुझ्या बाबांच्या नोकरीत एकही चूक नाही. ती चूक माझी आहे."

माईक कुईं करून ओरडला. बळीरामचा चुलता, आता पार वाकलेला, टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. कौसाबाई माझ्याकडं टक लावून बघत होती आणि रेखानं आपल्या पोरीचा हात धरला होता. मला वाटलं कुणीतरी शिवी घालावी, मी मोकळी होईन. कुणी घातली नाही.

मिलिंद माझ्याकडं बघत होता. त्याचा चेहरा अगदी तुमच्यासारखा झाला होता, त्या पायरीवरचा. तो वळला, बायकांच्या बाजूला गेला, मामींपुढं गुडघ्यावर बसला. मामींना आता कमी ऐकू येतं, म्हणून त्यानं कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "आई, बाबा इसरले नव्हते."

आणि मामींनी, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, उत्तर दिलं.

"मला ठाव हाय रं. चौदा वर्सांपासून ठाव हाय. मी तवाच म्हनलं, जाऊन सांगा गावात. तर तुजा बाप म्हनला, आपुन न्हाई सांगायचं. बाई सांगतील. नवी पोरगी हाय, भ्याली, पर खोटी न्हाई. आज न्हाई तर उंद्या सांगतील. तू मदी बोलू नगं."

मामा! चौदा वर्षं? निवृत्त होताना दारात, आणि त्यानंतर सहा वर्षं रोज बाकावर बसून, तुम्ही माझी वाट बघत होता? एखाद्या माणसावर एवढा विश्वास टाकायचा असतो का? एकदा तरी चिडून म्हणायचं होतंत, बाई, बोला आता. मी लगेच बोलले असते. का नसते बोलले? माहीत नाही. तुम्हाला मात्र माहीत होतं, मी बोलेन म्हणून. मी तिथंच, माईक हातात घेऊन, हमसून हमसून रडले. मामी उठल्या, आल्या, माझ्या हातातला माईक काढून मिलिंदकडं दिला आणि मला शेजारी बसवून घेतलं.

मिलिंद कार्यक्रम संपल्यावर आला. "मॅडम, मी तुमच्यावर रागावलोय," म्हणाला. मी म्हणाले, "रागव." "आणि खांबावर चढायच्या आधी मी दोनदा बघायचं सोडणार नाही." "सोडू नकोस." मग तो म्हणाला, "ते कागदावर पण लिहून द्या." मी आज सकाळी कार्यालयात पत्र लिहिलं. तुमच्या सेवापुस्तकातली ती नोंद खोडून मिळेल का, आता तुम्ही नसताना, हे मला ठाऊक नाही. पण मी त्यांचा पिच्छा सोडणार नाही, तुम्ही मला ओळखता. पत्राची एक प्रत मिलिंदकडं दिली. त्यानं दोनदा वाचली.

दुपारी कौसाबाई आली. हरण्या कधीच गेला, आता तिच्याकडं दुसरा बैल आहे, त्याची जीभ परवापासून जड झालीय. मी मोजे घालून तपासलं. खालच्या खणातून काळ्या कागदातली बाटली काढली, खडे पांढरे स्वच्छ होते. भाकरीच्या तुकड्यावरही टाकून बघितले, तुकडा पांढराच राहिला. सात पुड्यांचं वजन केलं. मग टेबलाच्या कोपऱ्यातली तुमची डबी उघडली आणि लाकडी चमच्याच्या टोकानं प्रत्येक पुडीत हळद मिसळली.

कौसाबाई खिडकीतून बघत होती. "आवंदा पिवळी हाय ना बाई?"

"पिवळीच आहे. मामांची पद्धत आहे."

तुमचं बरोबर होतं, मामा. पहिल्या दिवसापासून. तुम्ही विसरला नव्हतात, आणि आता ते सगळ्या गावाला माहीत आहे.